मसुरीला जाताय? मग मॉल रोडच्या खाली काय दडलंय तेही बघा

यूपीएससीचा निकाल लागला की आपल्याकडे एका गावाचं नाव हमखास ऐकू येतं, मसुरी. आयएएस झालेली पोरं ट्रेनिंगला जातात ती लाल बहादूर शास्त्री अकादमी इथलीच. पण 1959 साली अकादमी ज्या जागेत आली, ते मुळात एक हॉटेल होतं. नाव शार्लविल. मैदानातला उन्हाळा चुकवायला वर येणारे इंग्रज तिथं उतरायचे.

म्हणजे मसुरी आधीपासूनच सुट्टीचं गाव. आणि आज तिची जी दमछाक होतेय, तिचं मूळही तिथंच आहे.

तर झालं असं की, 1814 ते 1816 या काळात ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळचे गोरखे यांच्यात युद्ध झालं. त्यात डेहराडूनचं खोरं गोरख्यांच्या हातून कंपनीकडे आलं. या युद्धात गोरख्यांची लढाई बघून कंपनीने त्यांनाच आपल्या सैन्यात घेतलं. त्यातली सिरमूर बटालियन उभी केली फ्रेडरिक यंग या आयरिश अधिकाऱ्याने. हा यंग आणि डूनचा कारभार बघणारा शोर नावाचा अधिकारी शिकारीसाठी डोंगरावर जायचे. 1823 च्या सुमारास त्यांनी तिथं एक छोटं घर बांधलं. मसुरीची सुरुवात ती एवढीच. नावाचा मसूर डाळीशी काही संबंध नाही बरं का, या डोंगरावर वाढणाऱ्या मंसूर नावाच्या झुडपावरून ते आलं असं सांगतात.

1827 मध्ये शेजारच्या लंढौरला आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम सुरू झालं. लंढौर हे नाव वेल्समधल्या एका गावावरून आलं. यंगचं घर ‘मलिंगर’ही तिथलंच, ते नाव आयर्लंडमधल्या एका गावाचं. घरची आठवण आली की डोंगराला घरचं नाव द्यायचं, असा एकूण कारभार.

शिमल्याशी तुलना केली की मसुरी नीट कळते. शिमला सरकारची उन्हाळी राजधानी होती, म्हणजे साहेबासोबत फायलीही वर चढायच्या. मसुरीत व्हाइसरॉयचं कार्यालय नव्हतं. त्यामुळे इथं लोक यायचे ते निवांत मजा करायला. 1900 मध्ये रेल्वे डेहराडूनपर्यंत आली आणि दोनच वर्षांत मसुरीत सॅव्हॉय हॉटेल उघडलं. पण रेल्वे खालीच थांबायची. डोंगराच्या पायथ्याच्या राजपूरपासून पुढे घोडा, डांडी नाहीतर स्वतःचे पाय. साहेब, मेमसाहेब आणि त्यांचं सामान, हे सगळं पहाडी हमालांच्या खांद्यावरून वर गेलं. त्या हमालांच्या नावाची एकही पाटी मसुरीत बघितल्याचं कुणी सांगत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मसुरी एका लांब, अरुंद धारेवर वसलीय, समुद्रसपाटीपासून साधारण 2000 मीटर उंचीवर. एका बाजूला डूनचं खोरं, दुसऱ्या बाजूला बर्फाची शिखरं. दृश्यासाठी यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. पण धारेवर नदी नसते. पाणी मिळतं ते खालच्या उतारावरच्या झऱ्यांचं, आणि ते वर चढवावं लागतं. हंगामात येणाऱ्या थोड्या लोकांना ते पुरायचं. आता 2011 च्या जनगणनेप्रमाणे गावातच तीस हजार माणसं आहेत, आणि मे-जूनच्या शनिवार-रविवारी त्यावर गाड्या भरभरून पर्यटक. म्हणून तर थेट यमुनेचं पाणी पंपाने डोंगरावर आणायची योजना करावी लागली.

झऱ्यांचं अजून एक प्रकरण आहे, आणि ते मसुरीला जाणाऱ्या प्रत्येकाला माहिती असायला हवं असं मला वाटतं. इथला डोंगर चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी चुनखडीच्या भेगांमधून आत मुरतं, साठतं आणि सावकाश झऱ्यांतून बाहेर येतं. म्हणजे डोंगर हीच पाण्याची टाकी. पण याच चुनखडीसाठी स्वातंत्र्यानंतर इथं जोरात खाणी सुरू झाल्या. झाडं गेली, झरे आटायला लागले, दरडी कोसळायला लागल्या, हिरव्या डोंगरावर पांढरे ओरखडे लांबून दिसायला लागले. 1983 मध्ये डेहराडूनच्या एका संस्थेने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि 1985 मध्ये बऱ्याच खाणी बंद करायचा आदेश दिला. आपल्या सुप्रीम कोर्टापुढे आलेल्या पर्यावरणाच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या खटल्यांपैकी हा एक. खाणकाम थांबलं म्हणून आज तुमच्या फोटोमागचा डोंगर हिरवा दिसतो.

गाड्यांचंही तसंच. मॉल रोड चालण्यासाठी बनलाय. लायब्ररी चौकापासून कुलडीपर्यंत जेमतेम दोन किलोमीटर. आपल्या माथेरानने गाड्या दस्तुरी नाक्यावरच अडवल्या, मसुरीला ते जमलं नाही. ऑगस्ट 2025 पासून मसुरीत येणाऱ्या पर्यटकांची ऑनलाइन नोंदणी सुरू झालीय, तेव्हा निघण्याआधी उत्तराखंड पर्यटन विभागाचे चालू नियम बघून घ्या.

मग बघायचं काय? कॅम्प्टी फॉल्सला गर्दी आवडत असेल तरच जा. मी एकच दिवस असेल तर तो लंढौरला द्या म्हणेन. हा भाग कॅन्टोन्मेंटमध्ये येतो, बांधकामावर कडक बंधनं आहेत, म्हणून देवदार अजून उभे आहेत. चार दुकान, लाल टिब्बा, सेंट पॉल चर्च, सगळं पायी होतं. रस्किन बाँडही लंढौरलाच राहतात, पण त्यांच्या घराची बेल वाजवणं हे काही पर्यटनस्थळ बघणं नाही.

दुसऱ्या टोकाला, हाथीपांवला जॉर्ज एव्हरेस्टचं घर आहे. 1830 ते 1843 हा माणूस भारताचा सर्व्हेअर जनरल होता. गंमत म्हणजे शिखराला आपलं नाव द्यायला त्याचाच आक्षेप होता, हे नाव इथल्या लोकांना नीट लिहिता-बोलता येणार नाही असं त्याचं म्हणणं. तरी 1865 मध्ये ते पक्कं झालं. ज्यांच्या आकडेमोडीतून हे शिखर सगळ्यात उंच असल्याचं निघालं ते बंगाली गणितज्ञ राधानाथ सिकदार, त्यांचं नाव मात्र शिखराला मिळालं नाही.

मॉलवर झूलाघरजवळ शहीद स्थळ आहे. 2 सप्टेंबर 1994 ला वेगळ्या उत्तराखंडची मागणी करणाऱ्या आंदोलकांवर इथं पोलिसांनी गोळीबार केला, त्यात सहा आंदोलक गेले. आईस्क्रीम खात लोक समोरून निघून जातात. पाच मिनिटं थांबा.

जायला ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला. आकाश स्वच्छ असतं, हॉटेलं मे महिन्याच्या मानाने स्वस्त, आणि संध्याकाळी ‘विंटरलाइन’ दिसते. सूर्य मावळल्यावर डूनच्या बाजूला क्षितिजावर उमटणारा केशरी-जांभळा पट्टा. पावसाळ्यात रस्त्यावर दरडी येतात, तेव्हा टाळलेलं बरं. डेहराडून रेल्वे स्टेशनजवळूनच मसुरीच्या बस सुटतात, अंतर साधारण 35 किलोमीटर. फक्त एक करा, बसमध्ये चढताना ती लायब्ररीला जाणार की पिक्चर पॅलेसला ते विचारा. दोन्ही स्टँड मॉलच्या दोन टोकांना आहेत, आणि चुकीच्या टोकाला उतरलात तर बॅगा घेऊन तो अख्खा मॉल चालावा लागतो.