काजव्याचा शीतल प्रकाश

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या सरी पडून गेल्या, की सह्याद्रीच्या रानात काजव्यांचा हंगाम सुरू होतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य व भंडारदरा परिसर यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा वृक्षांवर असंख्य काजवे, पुष्कळदा एकाच लयीत, उघडझाप करीत असतात. मोसमी पावसाचा जोर वाढताच ते दिसेनासे होतात.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातील कीटक असून जगात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्याच्या आयुष्याचा बहुतांश काळ ओलसर जमिनीत अळीच्या रूपात, गोगलगायींसारखे मऊ जीव खाण्यात जातो. ही अळीही प्रकाशते. काही जातींच्या मादीला तर पंख फुटतच नाहीत. ती गवतात बसून मंद, अखंड प्रकाश देते. युरोपात ‘ग्लोवर्म’ या नावाने ओळखला जाणारा ‘किडा’ तो हाच.

प्रकाशाचे इंद्रिय पोटाच्या टोकाशी, खालच्या बाजूस असते. तेथील पेशींत ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य, ल्युसिफरेज हे विकर आणि पेशींना ऊर्जा पुरविणारे एटीपी एकत्र येतात. त्यांना प्राणवायू मिळाला की ल्युसिफेरिनचे ऑक्सिडीकरण होते व मुक्त झालेली ऊर्जा पिवळसर हिरव्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. ल्युसिफेरिन व ल्युसिफरेज ही नावे फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युबुआ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. एटीपीची आवश्यकता अमेरिकेतील विल्यम मॅकएलरॉय यांनी 1947 मध्ये दाखवून दिली. पुढे याच क्रियेचा उपयोग अन्नपदार्थांतील जंतुसंसर्ग तपासण्यासाठी होऊ लागला, कारण एटीपी प्रत्येक सजीव पेशीत असते.

उघडझाप कशी होते, हा प्रश्न अधिक अवघड होता. एरवी पेशीच्या कडेला असलेल्या तंतुकणिका प्राणवायू वापरून टाकतात व तो आत पोहोचत नाही. मज्जातंतूचा संदेश येताच नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होतो, तंतुकणिका क्षणभर थबकतात, प्राणवायू आत शिरतो आणि काजवा चमकतो, असे स्पष्टीकरण 2001 मध्ये पुढे आले.

या प्रकाशासोबत उष्णता जवळजवळ नसतेच. त्याची कार्यक्षमता मात्र फुगवून सांगितली जाते. जुन्या पुस्तकांत ती 88 टक्के आढळते. जपानी संशोधकांनी 2008 मध्ये केलेल्या मोजणीत ती सुमारे 41 टक्के भरली. तारेच्या जुन्या दिव्यापुढे हेही थोडके नव्हे!

नर-मादीची ओळख या संकेतांवरच होते, कारण प्रत्येक जातीची लय निराळी असते. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच. त्यामुळे वाहनांचे दिवे, विजेऱ्या, छायाचित्रकारांचे फ्लॅश आणि हॉटेलांची रोषणाई यांत हे संकेत हरवले, तर मीलनाची संधी पुन्हा येत नाही. झाडाखालची ओलसर माती तुडवली गेली, तर अंडी व अळ्याही चिरडल्या जातात. अलीकडच्या वर्षांत वनविभागाने हंगामातील रात्रीच्या प्रवेशावर वेळेचे निर्बंध घातले, ते यामुळेच. अंधारात वाट दिसण्यासाठी दिवा लागलाच, तर लाल कागद लावलेली विजेरी जमिनीकडे रोखून धरावी. काजव्यांच्या डोळ्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही.