संबळ, कॅसेट आणि गाणारणीचं नाव

तुळजापूरला कधी गेला असाल तर आठवून बघा. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या दुकानांतून देवीची गाणी लागलेली असतात. प्रत्येक गाणं पाच-सहा मिनिटांचं. ऐकताना वाटतं, ही गाणी पूर्वापार एवढीच असणार. पण गोंधळ रात्रभर चालतो, आणि आराध्यांचा मेळा रंगला की एकेक गाणं संपता संपत नाही. मग ते पाच मिनिटांत कुणी बसवलं? माझ्या पीएच.डी.चा एक भाग या प्रश्नाभोवती आहे. तो सोप्या भाषेत सांगतो.

सुरुवात १९०२ पासून करू. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग त्या वर्षी कोलकात्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोराने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर चरे पडायचे. वेळ मिळायचा साधारण तीन मिनिटं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या तंत्रज्ञांना गाणारी कोण हे कळावं, म्हणून गौहर जान शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. हे नाव सांगणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला. पण धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि कंपन्यांची नजर नाट्यसंगीत आणि मैफिलीच्या गायकांवर. आमच्याकडचे गोंधळी, आराधी त्यांच्या हिशेबात फारसे नव्हतेच.

चित्र पालटलं ते कॅसेटमुळे. फिलिप्सने ती १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे १९८० च्या दशकात ती गावोगाव पोचली. तबकडी छापायला कारखाना लागायचा. कॅसेटची नक्कल मात्र छोट्या खोलीतही करता यायची, म्हणून लहान कंपन्या आणि लहान स्टुडिओ उभे राहिले. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. त्यात पाच-सहा गाणी बसवायची, म्हणजे कथेचा विस्तार कापायचा आणि धृपद पुन्हा पुन्हा घ्यायचं. आज आपल्याला 'पारंपरिक' वाटणारा साचा बराचसा या तीस मिनिटांनी घडवला, असं माझं म्हणणं आहे.

अशा स्टुडिओत काम केलेल्या काही जणांशी मी बोललो. दाराला गोधडी लावायची. पंखा बंद, कारण त्याची घरघर टेपवर येते. रस्ता शांत झाल्यावर रात्री काम सुरू करायचं, तेही भारनियमन सांभाळून. सगळे एकदम गायचे-वाजवायचे. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. खरी डोकेदुखी संबळाची. काडी पडली की मीटरचा काटा लालमध्ये आणि आवाज फाटतो. म्हणून संबळवाल्याला माइकपासून लांब, भिंतीशी बसवत. तुणतुणं त्याउलट बारीक, त्याला माइकच्या अगदी जवळ. मेळ्यात खांद्याला खांदा लावून बसणारी माणसं इथे खोलीभर विखुरलेली. एकमेकांच्या डोळ्यांकडे बघून लय धरायची सवय, ती मोडायची.

आता नावाकडे येऊ. एका आराधी मावशींना मी त्यांच्या जुन्या कॅसेटमधलं गाणं मोबाइलवर ऐकवलं. वेष्टनाचा फोटोही दाखवला. देवीचं चित्र आणि मुख्य गायकाचं नाव, बाकी काही नाही. मावशी म्हणाल्या, "आवाज तर माझाच हाय, पर नाव कुठंय?" त्यांना त्या रात्रीचे ठरलेले पैसे मिळाले होते. कॅसेट किती विकली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दोष यंत्राचा म्हणावा, तर दुसरं उदाहरण समोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. पुढे बर्नार्ड बेल यांच्यासह ध्वनिमुद्रणही झालं. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या ओव्या लोकांसमोर आणत आहे. तिथे ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव आहे. म्हणजे नोंद ठेवायची ठरवली तर ठेवता येते.

तेव्हापासून मी रेकॉर्डर सुरू केला की आधी गाणाऱ्या सगळ्यांना आपापलं नाव आणि गाव सांगायला लावतो. कोरसवाल्यांनाही. संबळवाल्यालाही.

तुमच्या घरी जुन्या कॅसेटी असतील तर टाकू नका. वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. ऊन, ओल आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब, उभ्या ठेवा. आणि घरातल्या थोरल्यांना विचारा, मागे कोण गातंय. नाव कळलं तर वेष्टनावर आजच लिहून ठेवा.