कसाऱ्याचा घाट आणि ऑक्सफर्डचे इंजिन

१/ घाट चढून घाटनदेवीपाशी थांबलेली अ‍ॅम्बॅसेडर, उघडलेले बॉनेट, रेडिएटरमधून उसळणारी वाफ आणि पेट्रोल पंपावर ठेवलेले ओले फडके. मुंबई–नाशिक रस्त्यावरच्या जुन्या प्रवाशांना हे दृश्य परिचयाचे आहे. एका इंग्रजी इंजिनाला सह्याद्री चढायला कुणी आणि कसे शिकवले, त्याची ही कथा.

२/ अ‍ॅम्बॅसेडर मूळची इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात हिंदुस्थान मोटर्सने ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस बनवायला घेतली. १९५९ साली तिच्यात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे १४८९ सीसीचे ‘बी’ मालिकेतील इंजिन आले. शक्ती सुमारे ५५ अश्वशक्ती.

३/ १९५३नंतर सरकारी धोरणामुळे फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी भारतातील जुळणी बंद केली. आयातीवर निर्बंध, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. त्यामुळे हाती असलेली गाडी चालती ठेवणे ही हौस नव्हती, गरज होती. टॅक्सीवाल्याची तर रोजची भाकरी त्या इंजिनावर अवलंबून होती.

४/ या इंजिनाचा सिलिंडर ७३ मिलिमीटर रुंद, तर पिस्टनची धाव जवळपास ८९ मिलिमीटर. अशा लांब धावेच्या इंजिनाला कमी वेगातही जोर असतो. त्यामुळे भरलेली गाडी चढ चढू शके. अडचण जोराची नव्हती, उष्णतेची होती.

५/ कसारा ते इगतपुरी सुमारे ३०० मीटरची चढण. रेल्वेमार्गाचा उतार येथे ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र, म्हणून गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागत. मोटारीला असे साहाय्य कोठून मिळणार?

६/ रेडिएटरमागचा पंखा पट्ट्याने इंजिनावरच फिरे. चढावर मालमोटारीच्या मागे गाडी रेंगाळली की पंख्याचा वेग घटे आणि समोरून येणारा वाराही थांबे. ॲक्सिलरेटर मात्र दाबलेलाच. त्यात इगतपुरीच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरून हा बिंदू वर नेते, पण झाकणाचे रबर झिजले असेल तर तेही व्यर्थ.

७/ जाणता मिस्त्री म्हणून लगेच इंजिन खोलत नसे. आधी पट्ट्याचा ताण, मग पाण्याचे पाइप, मग झाकण. त्यानंतर विहिरीच्या जड पाण्याच्या क्षारांनी रेडिएटर तुंबला आहे का, ते पाही. पाण्यात सतत बुडबुडे किंवा ऑइल दुधाळ दिसले, तरच हेड गॅस्केटवर संशय.

८/ दुसरा दोष: गाडी तापून बंद पडे आणि सुरूच होत नसे. चालक म्हणत, ‘पंपाने हवा धरली.’ खरे तर ती हवा नसे, पेट्रोलचीच वाफ असे. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. त्या उष्णतेने पेट्रोल वाटेतच वाफ होई आणि पंपाला ती ओढता येत नसे. निदानाचा शब्द चुकीचा होता, ओल्या फडक्याचा उपाय मात्र अचूक.

९/ सर्वांत प्रचलित बदल म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. घाटात पाण्याची वाट मोकळी होई. पण नाशिकच्या हिवाळी पहाटे तेच इंजिन लवकर तापत नसे. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन नेई आणि झीज वाढे. जो उपाय घाटात तारी, तो गावात मारी.

१०/ झिजलेल्या सिलिंडरला बोरिंग करून मोठे पिस्टन बसवत. तेही शक्य नसले तर नवी स्लीव्ह. एकच ब्लॉक असा पुन्हा पुन्हा जन्म घेई.

११/ १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले. पुढे अ‍ॅम्बॅसेडरला कारखान्यातूनच १४८९ सीसीचे डिझेल इंजिन मिळाले. शक्ती जेमतेम ३७ अश्वशक्ती. चढावर ती अधिकच संथ, पण खर्च कमी. काहींनी मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले. जड इंजिनासाठी माउंटिंग आणि पुढची सस्पेन्शन यांचाही विचार करावा लागे, ब्रेकचाही. जोर वाढवून थांबण्याची सोय न पाहणे घाटात जिवावर बेतू शकते. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमातील ५२वे कलम अशा फेरबदलांना नियमांच्या चौकटीत बांधते, ते उगाच नव्हे.

१२/ दरम्यान नाशिकही बदलले. सातपूरला मायकोच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. ज्या इगतपुरीला गाड्या निवण्यासाठी थांबत, तेथेच महिंद्राचा इंजिन कारखाना उभा राहिला.

१३/ २०१४ साली अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन थांबले. तिच्या इंजिनाची मापे पुस्तकांत आहेत. मात्र कोणता दोष आधी पाहायचा आणि कोणता उपाय पुढे किती महाग पडेल, हे शहाणपण मिस्त्रींच्या हातांत होते. ते बहुतेक लिहिले गेलेच नाही. आज जुन्या अ‍ॅम्बॅसेडर हौसेने जपणाऱ्यांना सुट्या भागांइतकीच उणीव त्या हातांचीही भासते.