मोहाची दारू (नाशिक जिल्हा)

मोहाची सुकवलेली फुले पाण्यात आंबवून, तो आंबवलेला माल उकळून आणि त्याची वाफ थंड करून काढलेले घरगुती मद्य. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवण या तालुक्यांत आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर यांच्या डोंगराळ पट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांत ती परंपरेने होत आली आहे. नाशिकचे मद्य म्हटले की आज द्राक्षाच्या वाइनचेच नाव पुढे येते. पण नाशिकच्या ‘सुला’ वायनरीची पहिली वाइन बाजारात आली २००० मध्ये. घाटमाथ्यावरच्या घरांत मोह त्याआधी कित्येक पिढ्या उकळत होता.

मोहाचे झाड चिकूच्या कुळातले. फाल्गुन-चैत्रात पाने गळून गेलेल्या फांद्यांवर फुलांचे घोस येतात आणि पहाटे फिकट पिवळ्या, मांसल पाकळ्यांचे बोंड टपटप खाली पडते. उजाडायच्या आत बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तर गुरे आणि रानातली जनावरे वाटेकरी होतात. झाडे घराण्यांनी वाटून घेतलेली असतात, झाड रानात असले तरीही. वेचायला सोपे जावे म्हणून काही जण खालचा पालापाचोळा जाळतात. त्यातून वणवे लागतात, ही वन खात्याची तक्रार मात्र खरी आहे. फुले अंगणात उन्हात घातली की चार-पाच दिवसांत तांबूस होऊन मनुकांसारखी आकसतात. सुकलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. त्यामुळे हे फूल आधी अन्न आहे आणि मग दारू. टंचाईच्या दिवसांत ते भाजून, उकडून किंवा नागलीच्या पिठात मिसळून खाल्ले जाई. पुढे पावसाच्या तोंडाला येणाऱ्या फळांच्या बियांचे तेल निघते, तेही स्वयंपाकात आणि दिव्यात वापरत.

दारूसाठी फुले मडक्यात किंवा पिंपात भिजत घालतात. वेगळे विरजण लागत नाही, फुलावरचेच यीस्ट काम करते. उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरतात, थंडीत आठवडा किंवा त्याहून जास्त. वर येणारा फेस बसला आणि बुडबुडे थांबले की माल तयार झाला असे समजतात. तो भट्टीवर चढवतात. भांड्याच्या तोंडाचा सांधा चिखलमातीने लिंपून बंद करतात आणि वाफ नळीवाटे गार पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात नेतात. नळी पूर्वी बांबूची असे. काही ठिकाणी नळीच नसते. उकळत्या भांड्याच्या वर थंड पाण्याचे भांडे ठेवतात आणि त्याच्या बुडाला लागून थेंब बनलेली वाफ आतल्या वाटीत जमते. वरचे पाणी तापले की बदलायचे. गार पाणी सतत लागते, म्हणून भट्टी शक्यतो ओहोळाकाठी. सगळे कसब जाळ सांभाळण्यात आहे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, पाणी १०० ला. जाळ मोठा झाला तर पाण्याची वाफही जास्त येते आणि माल पातळ होतो. पहिल्या धारेची कडक, पुढची उतरती. थोडी विस्तवावर टाकून ज्वाळा कशी उठते यावरून करणारा तिची ताकद जोखतो.

जन्म, लग्न, मृत्यू, पेरणी, कापणी यांत ही दारू लागते. पिण्याआधी देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सोडतात. सोयरीक ठरताना दोन्ही घरांनी मिळून ती घेणे ही बोलणी पक्की झाल्याची खूण असते. देवाला वाहायची वस्तू ठेकेदाराच्या दुकानातून विकत आणायची, ही कल्पना या समाजांना पटण्यासारखी नव्हती. इंग्रजी अमलात मात्र नेमके तेच त्यांच्यावर लादले गेले.

घरी दारू करण्यावर राज्यसत्तेचा डोळा जुनाच आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी नेमून मद्यावर सरकारी ताबा ठेवला, पण कुटुंबांना कार्यप्रसंगी पांढरी सुरा करायची मुभा दिली आणि उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सूटही ठेवली. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्यात कौटिल्याइतकाही उदारपणा नव्हता. दारू मोठ्या भट्ट्यांत काढायची, ठेकेदाराने विकायची आणि कर सरकारला द्यायचा, अशी त्याची रचना होती. भट्टी रानात लपवता येते हे ध्यानात आल्यावर सरकार फुलाच्याच मागे लागले. १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर निर्बंध आले. म्हणजे झाड आपले, फूल आपल्या दारात पडलेले, आणि ते घरात ठेवले तर गुन्हा! या कायद्यांना नीतीचा मुलामा पुढे चढला. मुळातला हेतू महसुलाचा होता.

अशाच हिशोबाने जपानने १८९९ मध्ये घरी तांदळाची ‘दोबुरोकु’ करण्यावर बंदी घातली, कारण साकेवरचा कर तिथल्या तिजोरीचा मोठा आधार होता. आयर्लंडची ‘पोचीन’ ही घरगुती गाळीव दारू १६६१ पासून बेकायदा होती, ती १९९७ मध्ये परवान्याखाली देशात विकायला मोकळी झाली.

दारूला आदिवासी समाजांतूनच झालेला विरोधही नोंदवला पाहिजे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून देवीचे वारे निघाले आणि डोंगरपट्ट्यातून दक्षिण गुजरातपर्यंत पोहोचले. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी सांगे : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. दक्षिण गुजरातेत तर दारू विकणाऱ्या पारशी दुकानदारांवर बहिष्कार पडला. घरच्या भट्टीची जागा उधारीच्या दुकानाने घेतली होती आणि त्या उधारीत जमिनी जात होत्या, हे ध्यानात घेतल्याशिवाय या चळवळीचा जोर कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याखाली परवान्याविना दारू गाळणे आजही गुन्हा आहे. ‘कच्चे रसायन नष्ट केले’ अशा छाप्यांच्या बातम्यांत पिंपेच्या पिंपे ओतलेली दिसतात. त्यांतला बराच माल काळा गूळ आणि नवसागराचा असतो, मोहाचा नव्हे. पण कायद्याच्या लेखी दोन्ही हातभट्टीच. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली ती दारूत कारखानी मिथेनॉल मिसळल्यामुळे. अशा घटनांचा डाग मोहावरही पडतो. मात्र घरची दारू निर्धोक असते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. यकृताला परंपरा कळत नाही, आणि पिणाऱ्याच्या घरात मार खाणाऱ्या बाईलाही तिचे कौतुक नसते.

दारूबंदी कायद्याखालची मोहफुलांवरची बंधने महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये उठवली. तोवर हंगामात व्यापाऱ्याला स्वस्तात फुले द्यायची आणि पावसाळ्यात तीच चढ्या भावाने विकत घ्यायची, असा उलटा व्यवहार चालत असे. आता फुले साठवता, नेता आणि विकता येतात. लाडू, सरबत, जॅम असे पदार्थही त्यांपासून होऊ लागले आहेत. गाळण्याला मात्र सूट मिळालेली नाही. गोव्याने काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले आणि पुढे तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मध्य प्रदेशाने आदिवासींच्या मोहाच्या दारूसाठी वारसा मद्याचे धोरण आणले. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइनला सवलती दिल्या आणि नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात वायनऱ्या उभ्या राहिल्या. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या भट्टीसाठी असे धोरण नाही. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. पंचायत राज अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अशा क्षेत्रांत मद्यावर बंदी घालण्याचा किंवा त्याचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे देण्याची तरतूद केली आहे. बंदीसाठी तो अधिकार वापरणे सोपे जाते. नियमनासाठी वापरायचा तर आड १९४९ चा कायदा येतो.