शहामृग, महाराष्ट्रातील

महाराष्ट्रात उत्तर पुराश्मयुगात वावरणारा, पुढे भारतातून नामशेष झालेला न उडणारा पक्षी. येथील त्याच्या अस्तित्वाचा मुख्य पुरावा म्हणजे अंड्यांच्या कवचांचे तुकडे.

प्राप्तिस्थान : छत्रपती संभाजीनगर परिसरातील काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. अशा खडकात प्राण्यांचे अवशेष टिकत नाहीत. या भागात ते शोधायचे नदी-ओढ्यांच्या गाळात. छत्रपती संभाजीनगरहून कन्नडमार्गे औट्रम घाट उतरल्यावर अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे (ता. चाळीसगाव, जि. जळगाव) हे गाव लागते. तेथे १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात दगडी हत्यारांच्या सोबतीने ही कवचे मिळाली. रेडिओकार्बन मापनाने त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला.

टिकण्याचे कारण : सर्व जीवाश्म दगड झालेले नसतात. शहामृगाच्या अंड्याचे कवच सुमारे २ मिमी. जाड असते आणि कॅल्साइट या टिकाऊ खनिजाचे बनते. त्यामुळे पक्षी मातीत विरून गेला तरी कवच उरते. त्यातील मूळ कार्बन कालमापनास उपयोगी पडतो, तर छिद्रांच्या रचनेवरून पक्षी ओळखता येतो. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील (सीसीएमबी) संशोधकांनी २०१७ मध्ये राजस्थान-मध्य प्रदेशातील अशा कवचांतून डीएनए मिळवला आणि त्याचे आफ्रिकी शहामृगाशी जवळचे नाते दाखवून दिले. त्याआधी, १८७१ मध्ये, प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स यांनी शिवालिक टेकड्यांतील हाडांवरून ‘स्ट्रुथिओ एशियाटिकस’ ही शहामृगाची जाती नोंदवली होती.

मानवी संबंध : पाटण्याच्या माणसांनी या कवचांचे मणी केले. एका तुकड्यावर समांतर रेषांच्या मध्ये फुलीदार नक्षी कोरलेली आहे. भारतातील कलेच्या सर्वांत जुन्या खात्रीशीर नमुन्यांत तिची गणना होते.

महत्त्व : शहामृग हा उघड्या, कोरड्या माळरानाचा पक्षी. त्यामुळे त्याची कवचे त्या काळच्या भूप्रदेशाचीही साक्ष देतात. मात्र तुकड्याचा काळ व सोबतची हत्यारे कळतात ती तो ज्या थरात सापडला त्या थरावरून. थरातून उचललेला तुकडा ही साक्ष गमावतो. म्हणून नांगरट, मुरूम-उपसा किंवा बांधकामात असे अवशेष दिसल्यास ते न हलवता पुरातत्त्व विभागाला कळवणे अगत्याचे आहे.