श्लीपद ते फायलेरिया : एका जुन्या रोगाच्या शोधाची कथा

हत्तीरोग म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो खांबासारखा सुजलेला, जड झालेला पाय. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत असा पाय ओढत चालणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या परिचयाची आहेत. कोणी त्याला पूर्वकर्माचे फळ मानले, कोणी पाण्याचा दोष मानला, तर कोणी आनुवंशिक व्याधी समजून त्या घराशी सोयरीक टाळली. या रोगाचे खरे स्वरूप उलगडण्यास विज्ञानाला फार मोठा काळ लागला. याचे कारण असे की, हा रोग जेथे दिसतो तेथे त्याचे मूळ नाही आणि जेथे त्याचे मूळ आहे तेथे तो दिसत नाही. त्याच्या शोधाचा इतिहास म्हणजे हे एक सत्य हळूहळू समजत जाण्याचा इतिहास होय.

प्राचीन वैद्यकातील नोंद

भारतीय वैद्यांना हा रोग ‘श्लीपद’ या नावाने ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात त्याचे वर्णन आले आहे. ज्या प्रदेशात जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत गारवा असतो, त्या प्रदेशात हा रोग विशेषेकरून आढळतो, असे निरीक्षण तेथे नोंदविलेले आहे. डास आणि कृमी यांची कल्पना नसतानाही साचलेले पाणी आणि सुजलेला पाय यांचा संबंध त्या वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. मात्र पाणी आणि पाय यांना जोडणारा दुवा कोणता, हे कोडे एकोणिसाव्या शतकापर्यंत सुटले नाही. त्यासाठी आधी शरीरातील एका संपूर्ण संस्थेचा शोध लागणे आवश्यक होते.

लसीकावाहिन्यांचा शोध

रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव पेशींचे पोषण करतो. त्यातील बहुतेक भाग पुन्हा रक्तात जातो आणि उरलेला भाग बारीक वाहिन्यांच्या एका स्वतंत्र जाळ्यातून गोळा होतो. या द्रवाला लसीका म्हणतात. काख, जांघ आणि मान येथील लसीकाग्रंथींमधून गाळला जाऊन तो शेवटी मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरांत मिसळतो. ही संस्था गाजावाजा न करता दिवसरात्र निचऱ्याचे काम करीत असते. गावातील गटार तुंबावे आणि पाणी अंगणात साचावे, तसे या वाहिन्या निकामी झाल्या की द्रव पायात साठू लागतो.

इटलीतील शरीरशास्त्रज्ञ गास्पारे आसेल्ली यांना 1622 साली मिलान येथे नुकतेच अन्न खाल्लेल्या कुत्र्याच्या आतड्यांच्या आवरणात पांढऱ्या दोऱ्यांसारख्या रेषा दिसल्या. प्रथम त्यांना त्या मज्जातंतू वाटल्या. एक रेषा छेदताच दुधासारखा द्रव बाहेर आला आणि या वाहिन्या असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1627 साली प्रसिद्ध झाला. 1651 साली फ्रान्सच्या झां पेके यांनी हा द्रव छातीतील एका मोठ्या वाहिनीतून रक्तात जातो, असे दाखविले. पुढे स्वीडनचे ओलोफ रुडबेक आणि डेन्मार्कचे थॉमस बार्थोलिन या दोघांनी सर्व शरीरभर पसरलेल्या लसीकावाहिन्यांचे वर्णन केले आणि या शोधाचा मान कोणाचा, यावरून त्यांच्यात मोठा वाद झाला. अशा रीतीने सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत संस्था ज्ञात झाली. तिला तुंबविणारा शत्रू मात्र अद्याप अज्ञात होता.

रात्रीचे रक्त आणि डास

त्या शत्रूचा माग अनेक देशांत, तुकड्यातुकड्यांनी लागला. 1863 साली पॅरिसमध्ये द्मार्के यांना अंडवृद्धीच्या रुग्णाच्या द्रवात सूक्ष्म जंतासारखे जीव दिसले. 1866 साली ब्राझीलमधील बाहिया येथे ओटो वुखेरर यांना तसेच जीव दुधाळ लघवीत आढळले. कलकत्त्यात काम करणाऱ्या टिमोथी लुईस यांनी 1872 साली ते मानवी रक्तात पाहिले. या शोधमालिकेतील हा महत्त्वाचा टप्पा भारतभूमीवर गाठला गेला. 1876 साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे जोसेफ बँक्रॉफ्ट यांना पूर्ण वाढलेला कृमी सापडला. आज ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ या शास्त्रीय नावात या संशोधकांपैकी दोघांची स्मृती टिकून आहे. केसासारखा बारीक असा हा कृमी लसीकावाहिन्यांत राहतो. मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते आणि आपल्या आयुष्यात लक्षावधी सूक्ष्म पिल्ले रक्तात सोडते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात.

ही पिल्ले एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशी जातात, या प्रश्नाचा छडा चीनमधील अमॉय बंदरात नोकरी करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरांनी लावला. त्यांच्या माळ्याच्या रक्तात हे जीव होते. 1877 साली त्यांनी त्या माळ्याला चावलेल्या डासांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. डासाच्या पोटात ते जीव मरत नाहीत, उलट वाढतात, असे त्यांना आढळले. किटकाच्या शरीरात मानवी रोगाचा परजीवी वाढतो, हे प्रथमच सिद्ध होत होते. पुढे त्यांना आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. हे जीव दिवसा रक्तात जवळजवळ दिसत नाहीत आणि रात्री मोठ्या संख्येने वर येतात. रात्री चावणाऱ्या डासाच्या वेळेशी त्यांनी आपली वेळ जुळवून घेतली होती.

मॅन्सन यांचा एक तर्क मात्र चुकला. डास एकदा रक्त पिऊन पाण्यात मरतो आणि ते पाणी पिणाऱ्यास रोग होतो, असे त्यांना वाटत होते. ही समजूत वीस वर्षांहून अधिक काळ टिकली. अखेर 1900 साली लंडनमध्ये जॉर्ज लो यांना ऑस्ट्रेलियातून आलेल्या डासांच्या सोंडेतच हे कृमी आढळले. ते डास पाठविणारे थॉमस बँक्रॉफ्ट हे जोसेफ बँक्रॉफ्ट यांचेच पुत्र होत. रोग पाण्याने नव्हे, डासाच्या दंशाने होतो, हे निश्चित झाले. तत्पूर्वी 1897 साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी हिवताप आणि डास यांचा संबंध उघड केला होता. त्यामागे मॅन्सन यांचेच मार्गदर्शन होते.

सुश्रुतांच्या ‘जुन्या पाण्या’चे कोडे आता सुटले. भारतात हा रोग मुख्यतः क्यूलेक्स जातीच्या डासामुळे पसरतो आणि हा डास सांडपाणी, तुंबलेली गटारे व शौचालयांच्या टाक्या यांत वाढतो. एखाद्या दंशाने रोग होत नाही. वर्षानुवर्षे होणाऱ्या असंख्य दंशांतून कृमी शरीरात शिरतात. लागण पुष्कळदा बालपणीच होते आणि सूज दिसते ती अनेक वर्षांनी.

एका भारतीयाचे योगदान

कारण कळले, पण गुणकारी औषध मिळेपर्यंत आणखी जवळजवळ अर्धशतक लोटले. 1947 साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेने डायइथिलकार्बामझिन, म्हणजेच डीईसी, हे औषध पुढे आणले. त्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. फॉलिक ॲसिड, ऑरिओमायसिन आणि कर्करोगावरील सुरुवातीची काही औषधे यांच्यामागेही त्यांच्याच नेतृत्वाखालील संशोधन होते. 1948 साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मायदेशी फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पण रक्तातील मायक्रोफायलेरिया झपाट्याने कमी करणारी ती स्वस्त गोळी पुढे त्यांच्याच देशबांधवांच्या घरोघरी पोहोचली. भारतात आजही या रोगाच्या सामुदायिक उपचारात तिचे स्थान कायम आहे.

भारतातील प्रयत्न

स्वतंत्र भारताने 1955 साली राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. डीईसीच्या गोळ्या वाटणे आणि डासांच्या अळ्यांचा नायनाट करणे, असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या काही वर्षांतच एक मोठी अडचण उभी राहिली. गोळी घेतल्यावर काहींना ताप, डोकेदुखी, मळमळ होऊ लागली. वस्तुतः रक्तातील कृमी मरू लागल्याची ती खूण होती. ज्याच्या रक्तात अधिक कृमी, त्याला अधिक त्रास, असा तो हिशेब होता. पण धडधाकट माणसाला गोळीने आजारी पाडले, असाच लोकांचा समज झाला. 1960 च्या सुमारास सामूहिक औषधोपचार गुंडाळावा लागला आणि कार्यक्रम मुख्यतः शहरांपुरता उरला. त्यानंतर रात्री घरोघरी जाऊन रक्तनमुने घ्यावयाचे आणि ज्याच्या रक्तात कृमी सापडतील त्यालाच औषध द्यावयाचे, अशी पद्धत रुळली. झोपेतून उठवून बोट टोचून घेण्यास नकार देणारेही पुष्कळ असत.

ही अडचण दूर करण्यासाठी दिवसाच्या रक्तावरून निदान करता येईल, अशा चाचण्यांचा शोध सुरू झाला. वर्ध्याजवळील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने दीर्घकाळ काम केले. ज्या विदर्भात रोग, त्याच विदर्भात त्याचे संशोधन, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह आहे.

चीनने वेगळा मार्ग धरला. तेथील अनेक भागांत रोजच्या मिठातच अल्प प्रमाणात डीईसी मिसळले गेले. 2007 साली तो देश या रोगातून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. पुढे श्रीलंका व मालदीव 2016 साली आणि बांगलादेश 2023 साली त्याच पंक्तीत जाऊन बसले. भारताचे 2015 हे पहिले उद्दिष्टवर्ष मात्र हुकले. त्यानंतरच्या मुदतीही उलटल्या आणि 2023 साली 2027 हे नवे उद्दिष्ट जाहीर झाले.

सुजलेल्या पायाची शुश्रूषा

या इतिहासात रुग्ण मात्र बराच काळ उपेक्षित राहिला. गोळीने रक्तातील कृमी मरतात, पण एकदा निकामी झालेल्या लसीकावाहिन्या पूर्ववत होत नाहीत. म्हणून ‘पाय सुजला, आता इलाज नाही’ असे वैद्यही सांगत. ही निराशा दूर करण्यात ब्राझीलमधील रेसिफे शहरातील डॉ. जेरूसा ड्रेयर यांचा मोठा वाटा आहे. सूज वाढण्याचे प्रमुख कारण जिवंत कृमी नसून बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून शिरणारे सामान्य जीवाणू होत, हे त्यांच्या निरीक्षणातून पुढे आले. वारंवार थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो आणि प्रत्येक वेळी सूज थोडी अधिक वाढते, याचे मूळ तेथे आहे.

यावरील उपाय अत्यंत साधा आहे. पाय रोज साबण व स्वच्छ पाण्याने हळुवार धुणे, बेचक्या कोरड्या करणे, भेगांवर मलम लावणे, बसताना व झोपताना पाय उंच ठेवणे, घोट्याचे हलके व्यायाम करणे आणि सैल पादत्राणे वापरणे. एवढ्याने तापाचे झटके कमी होतात आणि रुग्ण कामाला लागू शकतो. अंडवृद्धी तर शस्त्रक्रियेने बरी होते. केरळातील कासरगोड येथे आयुर्वेद, योग आणि आधुनिक वैद्यक यांचा मेळ घालून सुजलेल्या पायांवर उपचार करण्याचे उल्लेखनीय कार्य झाले आहे.

निरोगी माणसाची गोळी

सर्वांत अवघड प्रश्न अद्याप शिल्लक आहे. ज्याचा पाय सुजला आहे त्याच्या रक्तात बहुधा मायक्रोफायलेरिया नसतात. ते असतात शेजारच्या हसतखेळत वावरणाऱ्या माणसाच्या रक्तात. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. डास त्याला चावतो आणि रोग पुढच्या घरी नेतो. म्हणून एकाला निवडून औषध देण्याऐवजी सर्वांनी एकाच वेळी गोळी घ्यावी, असे धोरण जगाने 2000 साली स्वीकारले. भारतात 2004 पासून ते देशव्यापी झाले. प्रारंभी डीईसी, नंतर तिच्या जोडीला अल्बेंडाझोल आणि पुढे काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन, असा औषधांचा क्रम राहिला. हे तिसरे औषध मिळवून देणाऱ्या विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा या शास्त्रज्ञांना 2015 साली नोबेल पुरस्कार मिळाला. तीन औषधांची ही योजना महाराष्ट्रात 2019 साली नागपूरपासून सुरू झाली.

प्रौढ कृमी पाच-सहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो आणि वर्षातून एकदा घेतलेल्या गोळीने तो हमखास मरतोच असे नाही. म्हणून त्याचे आयुष्य संपेपर्यंत रक्तातील पिल्लांची संख्या दरवर्षी कमी ठेवावी लागते. एकूण लोकसंख्येपैकी किमान 65 टक्के लोकांनी निदान पाच वर्षे औषध घेतले तरच साखळी तुटते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना मात्र ही औषधे देत नाहीत.

अनुभव असा की, गोळ्या घरोघरी पोहोचतात, पण पोटात जात नाहीत. ‘मला काय झाले आहे?’ असे म्हणून त्या फडताळात ठेवल्या जातात. यासाठीच कर्मचाऱ्यांनी आपल्या समक्ष गोळी घ्यावयास लावण्यावर आता भर दिला जातो. सुशिक्षित, सुस्थित वस्त्यांमध्ये गोळीला नकार मिळतो, तेव्हा आसेल्लींपासून सुब्बारावांपर्यंतच्या साऱ्या परिश्रमांची वाट एका बंद दारापाशी येऊन थांबते.

घराभोवती सांडपाणी साचू न देणे, शौचालयाच्या वायुनळीला जाळी बांधणे, मच्छरदाणी वापरणे, हे उपाय प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहेत. डासांची पैदास होऊच न देणे हा त्यांतील सर्वांत निर्दोष उपाय होय. आणि आरोग्यसेविका दारी आली असता तिच्यासमोर घेतलेली गोळी ही स्वतःपुरती नसते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, अद्याप पायाला सूज न आलेल्या एखाद्या बालकाचीही ती गोळी असते.