शेवळं : गंध आणि कीटक

सुरणाच्या प्रजातीतील रानकंद. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस, कुल ॲरेसी. पश्चिम घाट आणि कोकणातील ही वनस्पती ठाणे-रायगडच्या डोंगराळ पट्ट्यात ओळखीची आहे. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की पान येण्याआधीच जमिनीतून तिचा फुलोरा वर येतो. ठाकूर-कातकरी बायका तो न उमललेला खुडतात आणि जुड्या बांधून अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात आणतात. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला खाज सुटते, म्हणून भाजीत काकडं ही आंबट फळं घालतात. शेवळं विकणारी बाई ही फळंही सोबतच ठेवते.

बाजारातल्या शेवळांना उग्र वास नसतो, कारण तो अजून सुटायचा असतो. रानात राहिलेला फुलोरा उमलला की कुजक्या मांसासारखी दुर्गंधी पसरते. ती फुलांतून नव्हे, फुलोऱ्याच्या लांब शेंड्यातून येते. या प्रजातीतील अनेक जातींच्या गंधात डायमिथिल डायसल्फाइड आणि ट्रायसल्फाइड ही गंधकयुक्त संयुगं सापडतात. मांस सडताना जिवाणू हीच संयुगं तयार करतात. काही जातींत शेंडा तापतो आणि गंध अधिक वेगाने उडतो. मेलेलं जनावर शोधणारे भुंगेरे आणि माश्या या वासाने फसतात व महाछदाच्या, म्हणजे फुलोऱ्याला वेढणाऱ्या आवरणाच्या, तळाशी उतरतात. तिथे मादीफुलं आधी पक्व होतात, वरची नरफुलं नंतर पराग सोडतात. त्यामुळे येणारा कीटक दुसऱ्या फुलोऱ्याचे पराग मादीफुलांना देतो आणि जाताना नवे घेऊन जातो. वेळेची ही आखणी मला या वनस्पतीतली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

बदलापूरचं प्रसिद्ध जांभूळ याच्या अगदी उलट वागतं. त्याचा मोहोर मंद सुवासाने मधमाश्यांना बोलावतो आणि मकरंदाच्या रूपाने खरा मोबदलाही देतो.

शेवळाच्या परागण झालेल्या फुलोऱ्यावर पुढे लाल फळांचं कणीस तयार होतं. खुडलेल्या शेवळाला बी धरत नाही. कंद मात्र जमिनीत जिवंत राहतो आणि पुढल्या पावसात पुन्हा फुटतो. त्यामुळे हाताने होणाऱ्या खुडणीपेक्षा इमारतींसाठी उकरल्या जाणाऱ्या डोंगरउतारांची चिंता मोठी आहे, कारण तिथे कंदच उखडला जातो. परागण झालेल्या फुलोऱ्यावर पुढे लाल फळांचं कणीस तयार होतं.